फेफरे, डोक्यातला जंत आणि आपला गाडीतळ

हंगाम सुरू झाला की या अंकातून उतारा, गाळप, पहिला हप्ता आणि तोडणीचा प्रोग्रॅम यांवर लिहायचे, हा आपला शिरस्ता आहे. सभासदही अंक हाती आला की आधी तेवढेच पाहतात आणि मग त्यात भाकरी बांधून रानात जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याबद्दल राग नाही. पण या खेपेला ऊस जरा बाजूला ठेवून एका आजाराविषयी लिहितो आहोत. आजार माणसाचा आहे. पण त्याची वाट आपल्या फडातून, बांधावरून आणि गाडीतळावरून जाते, म्हणून तो या पानावर घेतला.

तीन हंगामांमागची गोष्ट. रात्री अकराचा सुमार, वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरांची भलीमोठी रांग. आमच्या भावकीतला तेवीस वर्षांचा एक पोरगा ट्रॅक्टरवरून उतरून चहाच्या गाड्याकडे निघाला आणि चालता चालता आडवा झाला. हातपाय आखडले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. भोवती शंभर माणूस जमले. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. एका शहाण्याने दातखीळ उघडायला चमचा घातला, त्यात पोराचा पुढचा दात गेला. दोन-तीन मिनिटांनी झटके आपोआप थांबले आणि श्रेय कांदेवाल्याने घेतले.

पुढे जे व्हायचे तेच झाले. “बाहेरचं हाय” म्हणून देवऋषी झाला, अमावस्या झाल्या, गंडा झाला. ठरलेले लग्न मोडले. मुलीकडच्यांनी निरोपही नीट दिला नाही, नुसता सुपारीचा नारळ परत पाठवला. दीड वर्ष असे गेले. मग डोके दुखायला लागले, उलट्या झाल्या, एका रात्रीत दोनदा फिट आली, तेव्हा कुठे घरच्यांनी त्याला सोलापूरला नेले. डोक्याचा सी.टी. स्कॅन निघाला. त्यात मेंदूत मसुरीच्या डाळीएवढी एक गोल कडी दिसली. डॉक्टर म्हणाले, ही जंताची गाठ आहे, टेपवर्मची.

पोराचा बाप माळकरी. चाळीस वर्षे वारी चुकलेली नाही. तो डॉक्टरांवर उखडलाच. “डॉक्टरसाहेब, आमच्या सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलं न्हाई, आन् तुम्ही डुकराचा जंत म्हणता?” डॉक्टर बिचारे शांत होते. त्यांनी एकच विचारले, “तुमच्या गावात सकाळी सगळे संडासातच बसतात का?” बाप गप्प झाला. आम्ही शेजारीच उभे होतो, आम्हीही गप्प झालो.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर या जंताचा फेरा समजला पाहिजे. तो आमच्या टाळक्यात शिरायलाही वेळ लागला, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पट्टकृमी म्हणजे फितीसारखा चपटा, पांढरा, लांबलचक जंत. माणसाच्या आतड्यात तो दोन ते सात मीटर वाढतो आणि वर्षानुवर्षे राहतो. त्याच्या अंगाला पेरे असतात, उसाला असतात तशीच. शेवटची पेरे पिकली की तुटून शौचावाटे बाहेर पडतात, आणि एकेका पेरात सुमारे पन्नास हजार अंडी असतात. अंडे डोळ्याला दिसत नाही. ज्याच्या पोटात हा जंत आहे त्याला बहुधा काहीच त्रास होत नाही. थोडे पोट कुरकुरते, एवढेच. तो हिंडतो, फिरतो, स्वयंपाक करतो, भाजी खुडतो.

आता इथून दोन वाटा फुटतात. पहिली वाट डुकराची. उघड्यावरची घाण डुकराने खाल्ली की अंड्यातून निघालेली पिल्ले त्याच्या मांसात जाऊन साबुदाण्यासारखे दाणे धरतात. ते मांस अर्धेकच्चे राहिले आणि माणसाने खाल्ले तर त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. म्हणजे डुकराच्या मांसाने जंत पोटात होतो, डोक्यात होत नाही. ही गोष्ट शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते.

दुसरी वाट माणसाची, आणि आपल्या भानगडीची तीच आहे. तीच अंडी डुकराऐवजी माणसाच्या पोटात गेली, न धुतलेल्या हाताने, कच्च्या मेथीच्या पानाने, आडातल्या पाण्याने, तर जंत माणसालाच डुक्कर समजतो. पिल्ले आतडे फोडून रक्तात शिरतात आणि अंगात, डोळ्यात, मेंदूत जाऊन दाणे धरतात. मेंदूत गाठ झालेल्या माणसाने आयुष्यात मांस खाल्लेले असायची काही गरज नाही. त्याने खाल्लेली असते ती दुसऱ्या माणसाच्या शौचातली अंडी. लिहायला बरे वाटत नाही, पण खरे ते हेच आहे.

माळकऱ्याला हे पटत नसेल तर न्यूयॉर्कचे उदाहरण घ्या. तिथल्या कट्टर यहुदी वस्तीत डुक्कर शब्दही निषिद्ध. तरीही तिथल्या चार जणांच्या मेंदूत याच गाठी निघाल्या. १९९२ साली हे वैद्यकीय पत्रिकेत छापून आले. शोध घेता असे दिसले की, त्यांच्या घरी कामाला असलेल्या बाया लॅटिन अमेरिकेतून आलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीला पट्टकृमीची लागण होती. त्या बाईचा दोष काय? ती ज्या मुलखातून आली तिथे हा जंत घरोघर होता. तिला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता.

मेंदूत गेलेला दाणा ताबडतोब त्रास देत नाही, हे या आजाराचे मोठे कपट आहे. दाणा जिवंत असतो तोवर शरीर त्याला ओळखत नाही. तो मरायला लागला की भोवती सूज येते आणि मग झटका येतो. इंग्रजांच्या फौजेतले अनेक सोल्जर हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतले आणि तिथे गेल्यावर त्यांना फिट येऊ लागल्या. डिक्सन आणि लिप्सकोम या दोघांनी १९६१ साली अशा ४५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. बहुतेकांना हिंदुस्थानातल्या वास्तव्यानंतर काही वर्षांनी पहिला झटका आला होता, काहींना तर पुष्कळच उशिरा. पेरणी एका साली आणि उगवण पाचव्या-सातव्या साली. मग कुणाच्या बांधावर काय पेरले गेले, याचा पंचनामा कोण करणार? आमच्या भावकीतल्या घरात सगळ्यांची शौचाची तपासणी झाली. कुणाच्याही पोटात जंत सापडला नाही. अंडे बाहेरून आले होते.

आपल्याकडे हा आजार किती, असे कुणी विचारील. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, ज्या मुलखात हा जंत वस्तीला आहे तिथल्या फेफऱ्याच्या रुग्णांपैकी सुमारे तीस टक्क्यांच्या मुळाशी हाच असतो. हिंदुस्थान त्या मुलखात मोडतो. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी यावर फार मोलाचे काम केले आहे. पूर्वी स्कॅनमध्ये अशी लहान कडी दिसली की बहुतेक ती टीबीची गाठ समजत आणि रुग्णाला महिनोन्महिने टीबीची औषधे चालत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले डॉ. राजशेखर आणि डॉ. चांडी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा गाठींचे तुकडे तपासून दाखवून दिले की, यांतल्या पुष्कळ गाठी मरत चाललेल्या जंताच्या आहेत आणि बऱ्याचशा काही महिन्यांत आपोआप विरतात. किती घरांची औषधांची उधारी त्यामुळे वाचली असेल!

सगळ्यांचे नशीब असे एका कडीवर निभावत नाही. काहींच्या बाबतीत जंत मेंदूच्या आत न रुतता मेंदूभोवतीच्या आवरणात, तळाच्या बाजूला वाढतो. आपल्याकडच्या द्राक्षाच्या घडासारखे त्याचे फुगे एकाला एक लागून धरतात. आवरणाला सूज येते, मेंदूतल्या पाण्याची वाट तुंबते. डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात, नजर अंधुक होते, माणूस भ्रमिष्टासारखा बडबडतो. हा जंताचा मेंदूज्वर. टीबीच्या मेंदूज्वरासारखाच तो दिसतो, त्यामुळे स्कॅन आणि पाठीच्या मणक्यातल्या पाण्याची तपासणी यांवाचून डॉक्टरांनाही निश्चित सांगता येत नाही. आणि आपली माणसे नेमकी इथेच अडतात. “मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो” ही अफवा आमच्या लहानपणापासून गावात आहे. पाणी काढल्याने माणूस लुळा होत नाही, उपचाराला उशीर केल्याने होतो. या प्रकारात कधी कधी डोक्यात नळी बसवून तुंबलेले पाणी वाट करून द्यावे लागते. चारी तुंबली की आपण काय करतो, तेच.

इथे सोलापूरच्या एका सुपुत्राची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. बाकीचे परतले, कोटणीस परतले नाहीत. आघाडीवर, खेड्यापाड्यांतून जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रिया करीत राहिले, बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले, तिथेच लग्न केले. त्यांना फेफऱ्याचे झटके येत. झटका ओसरला की पुन्हा कामाला लागत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांना फेफऱ्यानेच नेले. त्यांचा मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. त्यांच्या झटक्यांचे मूळ जंतात होते असे आम्ही म्हणत नाही. डोक्याच्या आत डोकावणारे यंत्रच तेव्हा जगात नव्हते, पहिला सी.टी. स्कॅन निघाला तो १९७१ साली. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्याच्या नावाने आपण जिल्ह्याचा ऊर भरून घेतो, त्याला फेफरे होते. त्याला कुणी चप्पल हुंगवली असती तर आपल्याला कसे वाटले असते? आणि आपल्या गावातल्या पोरीपोरांना मात्र आपण हुंगवतो.

लग्नाचे म्हणाल तर कायदाही आपल्या पुढे निघून गेला आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून फेफऱ्याची अट होती, वारंवार झटके येणाऱ्याचे लग्न त्यामुळे अडत असे. १९९९ साली ती काढून टाकली गेली. सुपारीचा नारळ परत पाठवणाऱ्यांना हे कुणी सांगायचे?

आता कोबीकडे वळू. मध्यंतरी “कोबीतली अळी मेंदूत जाते” अशी आवई उठली होती. आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका सभासदाने लागणीत आंतरपीक म्हणून घेतलेला कोबी त्या आवईपायी नीट उठलाच नाही, निम्मा जनावरांपुढे गेला. कोबीवरची हिरवी अळी म्हणजे पतंगाचे पिल्लू. ती पोटात गेली तरी पचून जाते, मेंदूत जात नाही. पण आवईत खऱ्याचा एक कण आहे. घाणीवरून आलेले पाणी, शेतात पडलेली घाण, यांच्यामुळे पट्टकृमीची अंडी कोणत्याही भाजीला चिकटू शकतात. मग तो कोबी असो, मेथी असो, कांद्याची पात असो की मुळा असो. दोष भाजीचा नाही. आपणच जुडी बांधतो आणि ताजी दिसावी म्हणून पाटाच्या पाण्यात बुचकळून बाजारात धाडतो. त्या पाटाच्या वरच्या अंगाला सकाळी कोण बसले होते, हे आपल्याला माहीत असते.

शिजवलेल्या भाजीची चिंता नाही. कच्ची खायची ती वाहत्या स्वच्छ पाण्याने पान न् पान सोडवून धुवावी. रानात बसून भाकरीबरोबर उपटलेला मुळा धोतराला पुसून खायची आपली जुनी सवय आहे. तिची चव आम्हालाही ठाऊक आहे. ती सवय मोडायला पाहिजे.

आता मुद्द्याला येतो, आणि हा मुद्दा आमच्या स्वतःवरच शेकणारा आहे.

गेल्या हंगामात आमच्या फडात दहा-बारा कोयत्यांची टोळी उतरली होती. पोरेबाळे धरून तीसेक माणूस. कोप पडले ते आमच्याच पडीक तुकड्यात. विहीर तिथून हाकेच्या अंतरावर आणि विहिरीखाली मेथी-कोथिंबिरीचे चार वाफे. दुसऱ्याच दिवशी पहाटे टोळीतल्या बाया विहिरीच्या बाजूला गेल्या म्हणून आम्ही बांधावरून मोठ्याने ओरडलो. त्या बिचाऱ्या डबे घेऊन माघारी फिरल्या. मुकादमाला आम्ही ताकीदही दिली. पण मग जायचे कुठे, हे काही आम्ही सांगितले नाही. आमच्या घरी संडास होता. त्यात सरकी पेंडेची दोन पोती ठेवलेली होती.

त्याच दुपारी टोळीतली एक म्हातारी आमच्या मंडळींना म्हणाली, “मालकीणबाई, आमी काय हौसंनं जातो व्हय? अंधारात सापाचं भ्याव, उजेडात मानसाचं. म्हून पोरी दिसभर पानीच पीत न्हाईत.” मंडळींनी ते रात्री आम्हाला सांगितले. जेवण गोड लागले नाही.

बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जालना या भागांतून माणसे येतात, चार-सहा महिने आपला ऊस तोडतात आणि जातात. त्यांच्या जिवावर आपले बॉयलर पेटतात. त्यांच्यावर या आजाराचे खापर फोडायचा आमचा मुळीच विचार नाही. जंत जसा कोयत्याला होतो तसा सात-बारावाल्यालाही होतो. आपल्या गावातल्या, आपल्या घरातल्या, तालुक्याच्या हॉटेलात भजी तळणाऱ्याच्या, कुणाच्याही पोटात तो असू शकतो. पण तीस-चाळीस माणसांना आपण उघड्या रानात आणून सोडतो आणि त्यांच्या शौचाची, पाण्याची, हात धुण्याची काडीचीही सोय करीत नाही. मग त्या रानात जे जे उगवते ते आपणच खातो, आपल्याच नातवंडांना खाऊ घालतो. टोळीतली पोरे त्याच रानात रांगतात. उद्या त्यांना फिट आली तर कोपासमोरची चूल पेटलेली असते. इंडोनेशियातल्या इरियन जया भागात १९७० नंतर बाहेरून भेट म्हणून आणलेल्या डुकरांबरोबर हा जंत पोचला, तेव्हा तिथल्या दवाखान्यात अचानक भाजलेली माणसे येऊ लागली. झोपडीतल्या शेकोटीत ती झटक्यात पडत होती. असा या आजाराचा तिथे पत्ता लागला.

यावर काय करायचे, हे शोधायला कुठे विलायतेला जायला नको. देहूला जाऊन या. तुकोबांच्या गावाला वारीत जातोच आपण. तिथे १९६० च्या सुमारास डॉ. सुहास मापुसकर नावाचे तरुण डॉक्टर सरकारी दवाखान्यात आले. गोळ्या देऊन जंत पडत आणि काही दिवसांत पुन्हा होत, हे त्यांच्या ध्यानात आले. मग गोळ्यांच्या बरोबरीने त्यांनी संडास हाती घेतले. पहिल्यांदा बांधलेले संडास पावसात ढासळले, लोक हसले. डॉक्टर खचले नाहीत. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात भंगीमुक्तीसाठी संडासाचे आणि सोनखताचे प्रयोग करणारे अप्पासाहेब पटवर्धन यांची वाट त्यांनी पुढे नेली, संडासाला गॅस जोडला. एकेक घर करीत सगळे देहू गाव त्यांनी वळवले. या कामासाठी २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका माणसाने गाव वळवले. आपण तर हजारो सभासदांचा कारखाना आहोत.

संचालक मंडळापुढे आणि सर्वसाधारण सभेपुढे आमचे म्हणणे असे आहे. गाडीतळावर बायांचे आणि पुरुषांचे वेगळे, पाण्याची टाकी आणि दिवा असलेले पक्के संडास व्हावेत. फडात उतरणाऱ्या टोळ्यांसाठी चाकांवरचे फिरते संडास असावेत. टोळी हलली की तेही ट्रॅक्टरमागे हलावेत. ज्या सभासदाच्या रानात कोप पडतील त्याने पाण्याची सोय करावी आणि कोप विहिरीपासून, पाटापासून लांब पडतील हे पाहावे. स्लिप देतानाच शेतकी खात्याने ते तपासावे. हंगामाच्या सुरुवातीला गटवार आरोग्य तपासणी व्हावी, टोळ्यांची आणि आपलीही. पोटातला पट्टकृमी डॉक्टरांनी दिलेल्या एका वेळच्या औषधानेही पडतो. तो पडला म्हणजे रोज लाखांनी बाहेर येणारी अंडी बंद झाली.

पैशाचे विचाराल तर हिशेब सोपा आहे. पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात टनामागे दोन रुपये बाजूला काढले तर दहा लाख होतात. कपातीचे नाव काढले की सभासदांच्या कपाळावर आठी येते, आमच्याही येते. आणखी कोणी म्हणेल की, ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, ते बघून घेईल. महामंडळाने करावे ते करावेच, त्याचा पाठपुरावा कारखान्याने करावा. पण मेथी आपल्या वाफ्यातली आहे, महामंडळाच्या नव्हे.

डुकरांचे म्हणाल तर गावात मोकाट हिंडणारी डुकरे बंदिस्त झाली पाहिजेत. त्यासाठी डुकरे पाळणाऱ्याशी भांडून उपयोग नाही, त्याला जागा दिली पाहिजे. डुकरांना हा जंत होऊ नये म्हणून लस निघाली आहे. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी ती शोधली आणि आपल्या हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने ती तयार केली. ही कंपनी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने काढलेली, म्हणजे दूधवाल्या सहकाराचेच लेकरू. पेरू देशातल्या तुंबेस भागात माणसांना औषध आणि डुकरांना औषध व लस, असे दोन्ही बाजूंनी लावून धरले आणि जंताचा फेरा तोडून दाखवला. २०१६ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. होत नाही असे काही नाही.

शेवटी, समोर कुणाला झटका आला तर काय करायचे ते आम्हाला दवाखान्यात सांगितले, ते जसेच्या तसे देतो. माणसाला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. गळ्याचे बटण सैल करा. जवळचा विळा, दगड, चूल बाजूला करा. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा, पाच मिनिटांत थांबले नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरा झटका आला तर थेट दवाखाना गाठा. कांदा भाजीत घाला. डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या सुरू केल्या की “आता बरं हाय” म्हणून मनाने बंद करू नका. आणि जंताच्या गोळ्या मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनाने घेऊ नका. डोक्यात किंवा डोळ्यात गाठ असेल तर त्या गोळीने सूज वाढते. ती कधी, किती आणि कोणत्या औषधाच्या जोडीने द्यायची, हे स्कॅन पाहून डॉक्टरच ठरवतात.

आमच्या भावकीतला पोरगा आता बरा आहे. दुसऱ्या स्कॅनमध्ये कडी विरलेली दिसली. दोन वर्षांत झटका नाही. गोळ्या मात्र अजून चालू आहेत आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि विहिरीचा काठ बंद आहे. सध्या तो धाकट्या भावाच्या ट्रॅक्टरवर न बसता काट्यावर नोंदी करायला बसतो. त्याच्या बापाने या दिवाळीत घरच्या संडासातली पेंडेची पोती बाहेर काढली. आम्हीही काढली.

ठरावाचा मसुदा आम्ही लिहून काढला आहे. प्रत्येक गट कार्यालयात त्याची एक प्रत ठेवली आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत तो यावा म्हणून सभासदांच्या सह्या लागतील. तोडणीची स्लिप न्यायला याल तेव्हा वाचा, पटले तर सही करा. ज्यांना सही करता येत नाही त्यांच्यासाठी शाईची डबी तिथेच टेबलावर आहे.